मांडामांड

नारिन, ११ ऑक्टोबर

पेरिझात,

तुझी चिठ्ठी पोचली. तोक्तोसुनने बिश्केकहून येताना ती गाडीत तळलेल्या बोरसोकांच्या पिशवीखाली दडपून आणली, त्यामुळे तिला तेलाचा डाग पडलाय. सबंध चिठ्ठीत तेवढीच एक गोष्ट मला घरची वाटली. बाकी सगळं 'आपली अशू', 'आपले दिवस', 'आपण दोघी'. मधल्या काळात हा 'आपण' कुठे ठेवला होतास? बिश्केकच्या कपाटात, उन्हाळी कपड्यांसोबत?

तुझी अडचण मला समजली ती अशी. ज्या लॅपटॉपवर आपण घाटांची खबर देणारी ही अशू घडवली तो चहा सांडून मेला. नव्या कचेरीत तू तीन हुशार पोरं बसवली आहेत. कोड त्यांच्याकडे आहे, ओळ न ओळ. पण त्यांच्या मशीनवर तो उभाच राहत नाही, नुसत्या लाल अक्षरांच्या ओळी ओकतो. लोकांच्या फोनवर अशू चालू आहे, पण तिच्यात काडीचाही बदल करायचा तर आधी ती आपल्या मशीनवर चालवून बघावी लागते, आणि तिथेच तुमचं घोडं अडलंय. त्यातून रस्तेखातं १ डिसेंबरपासून घाटांचं रोजचं पत्रक नव्या पत्त्यावरून देणार, जुना पत्ता बंद. तोवर अशूला नवा पत्ता शिकवला नाही, तर कुठला घाट उघडा आणि कुठला बंद हे तिला कळणारच नाही.

वाचून मी इतकी हसले की अपा स्वयंपाकघरातून विचारायला आली. तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "अजून हसू येतं का तुला तिचं?"

आईच ती माझी; अपाला ती संध्याकाळ आठवत होती, हे उघड आहे. तिचं ऑपरेशन झालेलं, मी वॉर्डात तिच्या उशाशी. म्हणून टीव्हीवरच्या स्पर्धेला तू एकटी गेलीस, आपलं तसंच ठरलं होतं. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना मी टीव्हीसमोर आणून बसवलं होतं. "ही आमची अशू, हिच्यामुळे ड्रायव्हरांना घरबसल्या घाटाची खबर कळते," असं ज्याला त्याला सांगत होते. तेवढ्यात पैसे लावायला बसलेल्या त्या सुटातल्या माणसाने विचारलं, "हे सगळं तुम्ही एकटीने केलंत?" आणि तू हसलीस. मान किंचित कलती करून हसतेस तशी. "एक मैत्रीण होती गावाकडे," तू म्हणालीस, "ती मांडामांड करून द्यायची. हे इन्स्टॉल कर, ते जोडून दे, असलं."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, "मांडामांड म्हणजे, चहापाण्याची का गं?"

तर आता बघ, तुझ्याकडे सगळं आहे. कंपनी, कचेरी, पोरं, तो सुटातला माणूस. नाही ती फक्त मांडामांड.

मी सांगेन. खरंच सांगेन, खोटं काही लिहिणार नाही. पण माझ्या अटी आहेत. फोन करायचा नाही, मी उचलणार नाही. फोनवर तू गोड बोलतेस आणि मग मला ऐकूच येईनासं होतं. सगळं कागदावर, तोक्तोसुनच्या हाती. एका पत्रात एकच पायरी. आणि ती तू करायचीस, स्वतः बसून, स्वतःच्या बोटांनी. पोरांनी हात लावला तर मला कळेल. काय चुकलं ते तू कसं लिहितेस त्यावरून कळेल.

कबूल असेल तर कळव.

जानिल


नारिन, २३ ऑक्टोबर

पेरिझात,

कबूल केलंस. वाटलं नव्हतं. म्हणजे फार अडलेलं दिसतंय.

पहिली पायरी. हा सगळा कोड ज्या इंजिनावर चालतो ते नोड. तुझ्या पोरांनी सगळ्यात नवं नोड घातलं असणार, कारण त्यांच्या वयाला नवं तेच चांगलं वाटतं. अशूला ते चालत नाही. तिला जुनं लागतं, सोळावं. नकाशा काढणारी आपली लायब्ररी त्याच्यापुढे सरकतच नाही. आधी नवं काढून टाक. मग आवृत्त्या बदलून देणारं ते छोटं अवजार बसव, म्हणजे पोरांची बाकीची कामं अडायची नाहीत. मग सोळावं घाल. मग टर्मिनल बंद करून पुन्हा उघड. हे 'पुन्हा उघड' विसरशील, आणि दुपारभर डोकं धरून बसशील.

विसरावंस अशी इच्छा आहे.

तुझे वडील परवा येऊन गेले. एसेनकुल आबा हल्ली कोळसा नेतात, सारी-बेल घाटापलीकडे. ट्रक दाराशी उभा करून अपाच्या हातचा चहा घेतात, तुझ्या आईच्या पाठीमागे त्यांना तेवढंच एक घर उरलंय. आल्या आल्या खिशातून फोन काढला. "बघ जानिल, आमच्या पेरिझातने फोटो बदलला." अशूच्या पानाखाली तुझा फोटो असतो ना, निळ्या कोटातला. मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, "तुम्ही दोघी बोलत नाही का गं?"

"बोलतो की, आबा. पत्रं लिहितो."

"पत्रं!" त्यांनी अपाकडे बघून डोळे मिचकावले. "म्हणजे भांडण मोठं आहे."

जानिल


नारिन, ५ नोव्हेंबर

पेरिझात,

टर्मिनल पुन्हा उघडायला विसरलीस. तू लिहिलं नाहीस, पण 'मशीनमध्येच काहीतरी बिघाड असावा' या वाक्यातून ते स्वच्छ दिसतं. बरं वाटलं.

'एवढ्यासाठी एवढे दिवस का लावतेस' असं विचारलंयस. कारण मला आवडतं.

दुसरी पायरी. लायब्ररींची. पोरांनी नेहमीची आज्ञा देऊन सगळ्या लायब्रऱ्या ओढल्या असतील. तशा ओढल्या की प्रत्येकीची ताजी आवृत्ती येते आणि मग त्या आपापसात सवतींसारख्या भांडतात. कोडसोबत एक लांबलचक कुलपाची फाइल आहे, तिच्यात कुठली लायब्ररी नेमकी कुठल्या आवृत्तीची ते लिहिलेलं आहे. तुझ्या पोरांनी ती 'कचरा' म्हणून उडवली असेल तर जुन्या नोंदींतून परत काढ. तिच्याबरहुकूम लायब्रऱ्या बसव. एवढ्यानेही भागणार नाही. नकाशाची लायब्ररी उंची चुकीची मोजायची, आठवतं? घाट तळ्याखाली दाखवायची. ती मी आत शिरून दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती 'ठिगळं' नावाच्या फोल्डरात आहे. लायब्रऱ्या बसल्या की ठिगळ लावायची आज्ञा वेगळी द्यायची. ती खाली लिहिलीय. एकही ठिपका गाळू नकोस.

ते ठिगळ मी आमच्या चुलीशेजारी बसून लावलं, आणि तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होतीस. उठल्यावर म्हणालीस, "झालं? तू नसतीस तर मी काय केलं असतं गं!"

आता कळतंय ना, काय केलं असतंस ते?

इकडे माझंही बरं चाललंय. कामात असते. कोळशाच्या तळावरचे ड्रायव्हर येतात, त्यांच्या फोनचं काय काय बघून देते. तुझ्या अशूपेक्षा साधं असं एखादं पान असावं, असं त्यांच्यातले काही म्हणत होते. जाहिराती नकोत, फोटो नको, नुसतं घाटाचं नाव आणि उघडा की बंद. मी म्हटलं, बघू.

जानिल


नारिन, १८ नोव्हेंबर

पेरिझात,

तर तुला कळलं. तोक्तोसुनने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. हो, माझं स्वतःचं पान आहे. ड्रायव्हर त्याला 'जानिलचं' म्हणतात. सगळं नव्याने लिहिलं, तुझ्या कोडातली एक ओळ घेतली नाही. त्याने रस्तेखात्याचा नवा पत्ता कधीच शिकून घेतलाय. तळावरच्या जवळजवळ सगळ्यांच्या फोनवर आता तेच आहे.

'म्हणजे तू मला पत्रांत गुंतवून ठेवलंस आणि मागून माझे लोक पळवलेस!' असं लिहिलंयस. अगदी बरोबर. इतकं नीट मलाही मांडता आलं नसतं. पण मी लिहिलेली एकही पायरी खोटी होती का? तू दुसऱ्या पायरीपर्यंत आलीस ना? स्वतःच्या हाताने?

'माझे लोक' म्हणालीस, त्याचं मात्र नवल वाटलं. या तळावरच्या एका तरी ड्रायव्हरचं नाव सांग बघू, आबांचं सोडून.

तिसरी पायरी. नावाच्या सुरुवातीला ठिपका असलेली एक फाइल लागते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि कोडसोबत कधी चढवायची नसते. तिच्यात चाव्या असतात. नकाशाची चावी, पत्रकाचा पत्ता, डेटाबेसचा पासवर्ड. ती माझ्याकडे आहे. कागदावर उतरवून सोबत पाठवतेय. चाव्या लांबलचक आहेत. शून्य कुठलं आणि ओ कुठला, ते तुझं तू बघ.

एकच पायरी उरली. ती पुढच्या पत्रात.

आणखी एक. तुला आठवत असेल, आपलं पहिलं भांडण कशावरून झालं. मी म्हणत होते, पत्रक आलं नाही त्या दिवशी अशूने सरळ 'माहीत नाही' लिहावं. तू म्हणालीस, "रिकामं पान बघून लोक पळतात. आदल्या दिवशीचं दाखव." आणि तसंच केलंस. म्हणजे १ तारखेनंतर अशू रोज ३० तारखेचीच खबर दाखवत बसणार, तुझ्या निळ्या कोटासकट. लोक बघतीलच.

जानिल


नारिन, २९ नोव्हेंबर

पेरिझात,

पत्र मिळालं. तीन पानं. चाव्या जुळल्या, लाल अक्षरं गेली, पण ब्राउझरमध्ये पान पांढरं फटक. वर पत्ता दिसतो, खाली काही नाही. रडलीस असंही लिहिलंयस.

मला माहीत आहे ते पांढरं पान. कशामुळे येतं तेही माहीत आहे. एका ओळीचं काम आहे.

ती ओळ मी १ तारखेनंतर पाठवीन. एक दिवस, फार तर दोन. तुझी अशू सगळ्यांदेखत चुकीची बोलावी, त्या सुटातल्या माणसाने तुला फोन करून विचारावं, "हे कसं झालं?", आणि तुझ्याकडे सांगायला काही नसावं. एवढंच मला हवंय. जास्त नाही.

'निदान ड्रायव्हरांचा तरी विचार कर' असं लिहिलंयस. ड्रायव्हर माझ्या पानावर आहेत. त्यांची काळजी तू करू नकोस.

जानिल


नारिन, ४ डिसेंबर

पेरिझात,

तुला फोन केला होता, लागला नाही. तोक्तोसुन आत्ता निघतोय, म्हणून उभ्या उभ्या लिहितेय.

आबा जिवंत आहेत. हे आधी वाच, मग पुढचं.

परवा दुपारी ते कोळसा घेऊन निघाले. सारी-बेल आदल्या संध्याकाळपासून बंद होता, वर बर्फ कोसळलं होतं. तळावर कुणीतरी हटकलं, "कुठे निघालात, आबा? घाट बंद आहे." त्यांनी फोन पुढे केला. "उघडा आहे. हे बघ, आमच्या पोरीचं." तो म्हणाला, "जानिलचं बघा ना." त्यावर ते हसले म्हणे. "पोरीचं असताना माझ्या फोनवर दुसऱ्याचं कशाला?" आणि गेले. तो माणूस आज सकाळी माझ्यासमोर टोपी चुरगाळत हे सांगत होता, मला चुकवून भिंतीकडे बघत.

अर्ध्या घाटात ट्रक रुतला. वरून अजून बर्फ आलं, दार उघडेना. डिझेल गोठलं, हीटर बंद पडला. काल सकाळी बर्फ हटवणाऱ्या गाडीला त्यांचा लाल दिवा दिसला. गाडीवाल्यांनी काच फोडून आबांना बाहेर काढलं. डाव्या पायाची बोटं काळी पडली आहेत. डॉक्टर म्हणतात, दोन तरी जातील, कदाचित जास्त.

मला फोन आला तेव्हा मी न्याहारी करत होते. घास तसाच टाकून लॅपटॉप उघडला आणि अशू बंद केली. तुझी अशू, लोकांच्या फोनवरची, सगळी. सर्व्हरची चावी माझ्याकडे होती. तू मला जिथून जिथून काढता आलं तिथून काढलंस, पण ती चावी आहे हेच तुला माहीत नव्हतं. आता कुणाच्याही फोनवर ती उघडत नाही. हवा तर माझ्यावर खटला भर.

बंद करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तेच मी १ तारखेला करू शकले असते. ३० तारखेला करू शकले असते. आणि काल केलं तेसुद्धा कुणासाठी केलं, आणखी कुणी त्या पानावर विसंबू नये म्हणून की तुझं बंद पडताना बघायचं होतं म्हणून, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

ये. गाडीत तुझी जागा धरायला तोक्तोसुनला सांगितलंय.

जानिल


नारिन, १२ डिसेंबर

पेरिझात,

तू येऊन गेलीस. इस्पितळातल्या एका बाकावर तासन्‌तास बसलो आणि बोललो ते फक्त 'सरक' आणि 'डॉक्टर आले'. म्हणून हे लिहून पाठवतेय.

आधी ती ओळ. तुमच्या त्या चकचकीत लॅपटॉपवर पाच हजार नंबरचं दार मशीनच स्वतःच्या कामाला वापरतं. आपला सर्व्हर त्याच दारावर उभा राहू बघतो, आणि दुसराच कुणी आतून 'कोण?' म्हणतो. म्हणून पांढरं पान. ठिपक्याच्या फाइलमध्ये पाच हजारच्या जागी पाच हजार एक लिही, पानालाही तोच नंबर सांग. सगळं थांबवून पुन्हा चालू कर. उभी राहील. सोबत सर्व्हरची चावीही आहे. अशू पुन्हा लोकांपुढे आणायची की नाही ते तू ठरव. आणलीस तर मी माझं पान काढणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. अपाच्या वॉर्डातलं ते सगळं अजून जसंच्या तसं आहे. तू आबांना आधी सांगितलं नाहीस, कारण आपलं पान बिघडलंय हे बापापुढे कबूल करायची लाज वाटली. हे तू बाकावर रडताना पुटपुटलीस, मी ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं. त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं. तेही तुला माहीत असावं.

पण तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही. आबा जागे झाले. मला बघून ओळखीचं हसले, आणि मग एकदम विचारलं.

"जानिल, तुझ्या त्या पानावर घाट बंद होता?"

"हो, आबा."

"केव्हापासून?"

"आदल्या संध्याकाळपासून."

"आणि पेरिझातचं चुकतंय, हे तुला माहीत होतं."

"हो."

"माझ्याकडे तिचंच आहे, हेही."

मी मान हलवली. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. रागाने नाही, हिशेब जुळत नसला की माणूस बघतो तसे. मग म्हणाले, "त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे चहा प्यायलो की गं."

तेवढ्यात तू आत आलीस. ते तुला म्हणाले, "पोरी, पाय दुखतोय, उशी वर कर." तू उशी वर केलीस आणि त्यांनी तुझा हात धरून ठेवला. तुझ्यावर ते क्षणभरही रागावले नाहीत. तुझ्याच पानाने त्यांना तिथे नेलं होतं, तरी नाही. तेव्हापासून माझ्याशी मात्र एक शब्द नाही.

तू परत गेल्यावर मी रोज जाते. अपा शोरपो करून देते, कोवळ्या मेंढ्याचा रस्सा, त्यांना आवडतो तसा, वर हिरवा कांदा घालून. मी डबा टेबलावर ठेवते आणि बाहेर बाकावर बसते. काल त्यांनी सगळा प्यायला. डबा धुऊनही ठेवला होता. मी आत जाऊन हात पुढे केला, तर त्यांनी तो नर्सच्या हाती दिला आणि म्हणाले, "बाहेर बसलीय तिला दे."

जानिल